वस्तादांचा हात

माणूस आयुष्यात जितके सल्ले देतो त्यांची कोठे नोंद राहत नाही, ही एक मोठीच सोय आहे. पैसे उसने दिले तर वही असते, पुस्तक दिले तर निदान हळहळ तरी असते. सल्ला मात्र एकदा दिला की देणाऱ्याच्या घरातून तो कायमचा गेला. पुढे त्याने कोणाच्या घरी काय केले हे पाहायला कोणी जात नाही. मीही गेलो नसतो. पण माझा एक सल्ला फिरत फिरत माझ्याच माणसापाशी जाऊन पोचला, त्याची ही हकिकत आहे.

मी शाळेत चित्रकला शिकवतो. मॅट्रिकच्या पुढे माझी पाटी कोरीच राहिली. पण तीनचार कादंबऱ्या छापून आल्यामुळे गावात असा समज पसरला आहे की या गृहस्थाला पुष्कळ कळते. मुंजीच्या पत्रिकेतला मजकूर, नव्या दुकानाचे नाव, भाऊबंदकीच्या अर्जाची भाषा, सगळे माझ्याकडे येते. हा समज दूर करावा असे मला कधी मनापासून वाटले नाही, हेही सांगून टाकतो.

आमचे गाव औंधपासून फार लांब नाही. ज्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी आपल्या संस्थानातल्या शाळांतून मुलांना सूर्यनमस्कार घालायला लावले, त्यांच्या मुलखातली आमची ही जुनी तालीम. आत मारुती, तांबडी माती, कोपऱ्यात मल्लखांब. साठीच्या घरातले एक वस्ताद तेथे पहाटे पाचपासून शिकवतात. एका हौशी शिष्याने दारावर ‘फिटनेस सेंटर’ अशी पाटी ठोकली आहे आणि नवी मुले त्यांना ‘सर’ म्हणतात. पण आमच्या तोंडी ते वस्ताद, आणि त्यांच्या तोंडी मी मास्तर.

24 मार्च 2020 च्या रात्री टाळेबंदी जाहीर झाली आणि तालमीला कुलूप लागले. महाराष्ट्रातल्या व्यायामशाळा पुन्हा उघडल्या त्या त्या वर्षीच्या दसऱ्याला, 25 ऑक्टोबरला. म्हणजे सात महिने. या सात महिन्यांत माझा पगार चालू होता. वस्तादांची मिळकत म्हणजे मुलांची फी. ती पहिल्याच महिन्यात थांबली.

पावसाला नुकती सुरुवात झाली होती. एका संध्याकाळी वस्ताद तोंडाला पंचा बांधून आमच्या ओट्याच्या खालच्या पायरीवर येऊन बसले.

“मास्तर, पुण्याला गेलेला एक जुना शिष्य म्हणतो, वस्ताद, फोनवरून वर्ग घ्या. ऑनलाइन. पंधरावीस जण लगेच मिळतील म्हणतो. फी परस्पर खात्यात येईल. करावं का?”

प्रश्न पोटाचा होता. पण त्यांनी तो योग्य-अयोग्याचा म्हणून विचारला आणि मी तो तसाच उचलला. व्यायाम ही हाताने हाताला द्यायची विद्या आहे, असे मी म्हणालो. द्रोणाचार्य धनुष्याला हात लावून शिकवत होते, म्हणालो. “काचेतून पाठीवर हात ठेवता येतो का, वस्ताद? येत नसेल, तर ते शिकवणं नव्हे. तो विद्येचा बाजार.”

वाक्य चांगले होते. मला ते इतके आवडले की रात्री मी ते वहीत उतरून ठेवले. वस्ताद मात्र बराच वेळ आपल्या तळहाताकडे पाहत बसले. मग “खरं आहे” एवढेच म्हणून उठून गेले. त्या पावसाळ्यात ते भावाच्या शेतावर गड्यासारखे राबले.

आणि मी? त्याच दिवसांत रोज सकाळी दहा वाजता फोन पुस्तकांच्या थप्पीला टेकवून सहावीच्या मुलांना फुलदाणी काढायला शिकवत होतो. वर्गात मुले त्रेचाळीस. फोन होते अकरा जणांच्या घरी. मुलाच्या हातावर हात ठेवून रेघ वळवून देणे हे चित्रकलेत काही कमी महत्त्वाचे नसते. पण माझ्या लेखी तो विद्येचा बाजार नव्हता. ती नोकरी होती!

पुढच्या वर्षी, 2021 च्या भाऊबीजेला, मी थोरल्या बहिणीकडे डोंबिवलीला गेलो. अक्का तिसऱ्या मजल्यावर राहते. जिन्याला लिफ्ट नाही. सासूबाई 2019 पासून अर्धांगवायूने अंथरुणावर आहेत. मेहुणे सकाळच्या लोकलने जातात ते रात्रीच उगवतात. सासूबाईंना कुशीवर वळवणे, उचलून बसवणे हे दिवसातून आठदहा वेळा. त्याने अक्काची कंबर धरली होती. डॉक्टरांनी औषध थोडे आणि व्यायाम रोज असे सांगितले होते. डोंबिवलीत व्यायामाचे वर्ग काही कमी नाहीत. पण वर्ग एक तासाचा, जाण्यायेण्याला अर्धा तास. आणि दीड तास घर सोडायचे म्हणजे सासूबाईंपाशी कोणाला बसवायचे?

पहाटे पाण्याचा पेला शोधत मी स्वयंपाकघराशी गेलो तर आत दिवा होता. पिठाच्या डब्याला टेकवून ठेवलेल्या फोनमध्ये एक गोरापान तरुण झपाझप नमस्कार घालत होता आणि समोर पदर खोचून अक्का त्याच्यामागे धावत होती. त्याने मागे कमान टाकली. अक्काने नुसती मान मागे टाकली, पाठ जागची हलली नाही. खाली येताना तिने “आई गं” म्हणून ओट्याचा आधार घेतला. त्याच क्षणी फोनमधला तरुण हसून म्हणाला, “फारच छान!”

तो कोणाला म्हणाला? ते चित्रण कधी तरी, कोठे तरी करून ठेवलेले. अक्का नावाची बाई जगात आहे हे त्याला ठाऊक नव्हते.

मी म्हणालो, “अगं, हे असं मनानं करू नकोस. नीट माणसाकडून शिकावं.”

“विचारलं होतं ना नीट माणसाला,” अक्का घाम पुसत म्हणाली. “गेल्या वर्षी वस्तादांना फोन केला होता मी. म्हटलं, लहानपणी माडीवर बसून तुमचे आकडे ऐकत होते, आता तरी शिकवा. ते म्हणाले, अक्काताई, शिकवलं असतं, पण मास्तरांनी सांगितलंय, हा विद्येचा बाजार आहे. मास्तर शिकलेले आहेत.”

“मग तू मला बोलली का नाहीस?”

“काय बोलायचं? तू लेखक.”

तिने हे कुत्सितपणे म्हटले असते तर बरे झाले असते. ती साधेपणाने म्हणाली आणि चहाचे आधण ठेवायला वळली.

माडीवरच्या आकड्यांची गोष्ट मी विसरून गेलो होतो. आमचे जुने घर तालमीच्या मागच्या अंगाला. पहाटे तालमीतून ‘एक, दोन, तीन’ असा घोष येई. मी मुलगा म्हणून आत जाई. दंड चुकले की वस्ताद, तेव्हा ते ऐन विशीत होते, पाठीवर थाप मारून खांदा सरळ करीत. अक्काला आत मज्जाव. आत मारुती होता ना! ती माडीवर आकड्यांबरोबर उठाबशा काढी आणि खाली येऊन मला विचारी, “आज शंभरावर थांबले का रे?” म्हणजे वस्तादांकडे दुरून शिकण्याचा पहिला प्रयोग तिने चाळीसएक वर्षांपूर्वीच केला होता.

परतीच्या गाडीत मी द्रोणाचार्यांचाच विचार करत होतो. वस्तादांपुढे मी त्यांचे नाव घेतले होते, पण अर्धे. आदिपर्वात दुसरीही एक हकिकत आहे. निषादराजाचा मुलगा शिकायला आला, त्याला आचार्यांनी परत पाठवले, आणि तो रानात मातीचा द्रोण करून त्याच्यासमोर शिकला. गुरूच्या प्रत्यक्ष सहवासाची थोरवी गाताना आपण अर्जुनाकडे पाहतो. सहवास मिळावा हे खरेच. पण तो कोणाला मिळतो? ज्याला दारातून आत येता येते त्याला. समोर येईल त्यालाच शिकवीन हा नियम दिसायला सर्वांना सारखा. प्रत्यक्षात तो विद्यार्थी निवडत असतो. धडधाकट पायांचा, मोकळ्या सकाळीचा, घरी आजारी माणूस नसलेला असा विद्यार्थी त्यातून आत येतो. ज्याला व्यायामाची गरज सर्वांत जास्त तोच बाहेर राहतो. तालमीत मारुती होता म्हणून नव्हे, तर आता तत्त्व आहे म्हणून. आणि ते तत्त्व मी पुरवले होते.

2024 साली ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ या नियतकालिकात जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. 2022 साली भारतातली जवळजवळ निम्मी प्रौढ माणसे पुरेशी शारीरिक हालचाल करत नव्हती असे त्यात आहे. पुरुषांत शंभरी 42, बायकांत 57. पुरेशी म्हणजे किती, तर आठवड्याला निदान दीडशे मिनिटे दमदार चालणे किंवा तत्सम काही. आठवड्याची मिनिटे होतात दहा हजार ऐंशी. त्यांतली दीडशे अक्काला सापडत नाहीत हे ऐकून एखादा म्हणेल, बाई आळशी असेल. तिला मिनिटे सापडतात. ती दुपारी अडीच ते तीन, सासूबाईंचा डोळा लागला की, अशी सुट्या नाण्यांसारखी सापडतात. आणि ती घेऊन जिना उतरता येत नाही.

दुरून शिकवणे हे काही फोनने आणलेले पाप नाही, हेही मला उशिराच सुचले. पंतप्रतिनिधींनी नमस्कारांवर पुस्तक लिहिले ते कशासाठी? औंधला येऊ न शकणाऱ्यांसाठीच. 1938 साली त्यांचे इंग्रजी पुस्तक लंडनहून निघाले. लोणावळ्याला 1924 साली कैवल्यधाम काढणाऱ्या स्वामी कुवलयानंदांनी त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे त्रैमासिक सुरू केले. पुण्यात शिकवणाऱ्या अय्यंगारांचे ‘लाइट ऑन योग’ 1966 साली आले. त्यातली छायाचित्रे पाहून जगाच्या पाठीवर कोठकोठची माणसे आसने करू लागली. जपानात 1928 पासून नभोवाणीवर कवायत होते. बडोद्याच्या मुजुमदारांनी व्यायामज्ञानकोशाचे दहा खंड काढले, ते शिक्षकाच्या पाठीवरच्या हातासाठी नक्कीच नव्हते. या साऱ्यांना मी विद्येचा बाजार म्हटले असते का? पुस्तकाला मी नाक मुरडत नाही, कारण पुस्तके मीही लिहितो. फोनला मुरडतो, कारण तो मला धड वापरता येत नाही.

तरीही एक गोष्ट खरी होती, आणि ती मी आजही सोडत नाही. एकलव्याला मातीचा द्रोण पुरला म्हणून अक्काला पुरेल असे नाही. माती ‘मान मोडेल’ असे सांगत नाही. पिठाच्या डब्याला टेकलेला तो तरुण मातीचाच होता. हसरा, देखणा, आणि बहिरा. वाईट आहे ते दुरून शिकवणे नव्हे. न पाहता शिकवणे वाईट. म्हणूनच जे पाहू शकतात, ज्यांना कोणाची कंबर कोठे धरते हे एका नजरेत कळते, त्यांनी फोनवर यायचे नाही असे ठरवले, तर फोन रिकामा राहत नाही. त्यावर तो तरुण बसतो. वस्तादांना मी विद्येच्या पावित्र्यासाठी घरी बसवले, आणि अक्काची कंबर ‘फारच छान’ म्हणणाऱ्याच्या ताब्यात दिली.

गावी येऊन मी तालमीत गेलो आणि वस्तादांना म्हणालो, “वस्ताद, माझं चुकलं.” त्यांनी आधी ओळखलेच नाही कशाबद्दल. कळल्यावर म्हणाले, “पण मास्तर, हाताचं काय? ते तर तुम्ही खरंच बोलला होता.”

मग हाताचे काय करायचे यात त्यांचा सबंध हिवाळा गेला. हा भाग मला सर्वांत आवडतो.

पहिल्या आठवड्यात अक्का आणि आणखी पाचसहा जणी होत्या. वस्ताद फोनसमोर ओरडत, “पाठ सरळ!” तालमीत हे दोन शब्द पुरत, कारण शब्दांमागून हात येई. येथे नुसते शब्दच आले. कोणी छाती फुगवली, कोणी हनुवटी वर केली, एकीने श्वासच धरून ठेवला. वस्ताद घाबरेघुबरे होऊन माझ्याकडे आले. “मास्तर, तुम्ही लेखक. मला शब्द द्या.”

मी ऐटीत म्हणालो, “सांगा, डोक्यावर भरलेली घागर आहे असं समजा.”

“घागर?” वस्ताद म्हणाले. “डोंबिवलीला?”

शेवटी शब्द त्यांनाच सापडले. लोकलच्या गर्दीत दोन माणसांच्या मधून निघताना आपण अंग जसे आवळून उंच करतो तसे उभ्या राहा, असे त्यांनी सांगितले, आणि सातही खिडक्यांतल्या पाठी एकदम सरळ झाल्या. टाच उचलली जाते? टाचेखाली पाच रुपयांचे नाणे आहे, ते कोणाला काढू द्यायचे नाही. खांदे कानाशी जातात? पिशव्या खाली ठेवा. पिशव्या नसतातच, पण खांदे उतरतात. मी वीस वर्षे लिहितो आहे. वाचकाचा खांदा माझ्या एका तरी वाक्याने असा उतरला असेल का, असा मत्सर मला वाटून गेला.

जेथे शब्द पोचत नाहीत तेथे ते भिंतीला उभे करतात. भिंत, खुर्ची, उशी, पट्टा यांच्या आधाराने शरीराला शिकवण्याची रीत अय्यंगारांनी पुण्यात घडवली ती सर्वांना ठाऊक आहेच. वस्ताद तिच्याकडे फोनच्या वाटेने वळले. अक्काला त्यांनी पहिला महिनाभर नमस्कार घालूच दिला नाही. टाचा, कुल्ले, पाठ भिंतीला लावून नुसते उभे राहणे, मग खुर्चीच्या पाठीला धरून वाकणे. “भिंत काय सांगते?” असे ते विचारत. अक्का सांगे, “डावीकडं टेकत नाही.” हे उत्तर हाताने शिकवताना कोणी दिले नसते, असे वस्ताद म्हणाले. “हात होता तेव्हा मला सांगावं लागत नव्हतं, आणि पोराला समजून घ्यावं लागत नव्हतं. धरून वाकवलं की झालं.” आता तालमीतल्या मातीतही ते आधी सांगतात, मग विचारतात, “हात लावू का?” जुनी मंडळी यावर हसतात.

त्यांनी काही पथ्ये घालून घेतली आहेत. एका वेळी बाराच जण. त्याहून अधिक खिडक्या नजरेत मावत नाहीत. फोन गुडघ्याइतक्या उंच स्टुलावर, बाजूने, म्हणजे टाचेपासून डोक्यापर्यंत कणा दिसतो. शीर्षासन फोनवर नाही. ज्याला चक्कर येते, छातीत दुखते, त्याने आधी डॉक्टरांकडे जाऊन यायचे. आणि आरंभी पाच मिनिटे प्रत्येकाला विचारायचे, आज कोठे दुखते? एका बाईच्या एका खोलीच्या घरात सासरे समोरच बसलेले असतात. ती आपले चित्र बंद ठेवते. तिला ते स्पष्ट सांगतात, “तुम्हाला मी फक्त मोजतो आहे, शिकवत नाही. जपून करा.” ती गच्चीवर जागा मिळते का पाहते आहे.

उणिवा सगळ्या भरून निघाल्या असे मी म्हणणार नाही. त्रेचाळिसातल्या बत्तीस मुलांकडे फोन नव्हता हे मी विसरलेलो नाही. जेथे फोन नाही तेथे हा सारा युक्तिवाद फुकट. शिवाय तालीम म्हणजे नुसता व्यायाम नव्हे. चार आळ्यांची पोरे तेथे एकाच मातीत लोळतात, एकमेकांच्या अंगाचा घाम ओळखतात. काचेतून ते कसे यायचे? परवा शेजारच्या आळीतली दोन तरणी पोरे वस्तादांना म्हणाली, “सर, आम्हालाही ऑनलाइनच द्या ना, पहाटे उठवत नाही.” वस्तादांनी त्यांच्या पायांकडे बोट दाखवले. “हे काय आहेत? यायचं.” त्या दोघांना फोन मिळाला नाही. मला हा निवाडा पटला, जरी नियम म्हणून तो लिहायला बसलो तर मला मांडता येणार नाही.

फीचे काय, असे त्यांनी मला पुन्हा विचारले होते. या खेपेस मी सल्ला दिला नाही. मी म्हणालो, “तुम्हीच ठरवा.” त्यांनी तालमीइतकीच ठेवली. घरी बसून शिकवतो म्हणून अर्धी नाही, लांबच्यांना परवडते म्हणून दुप्पट नाही. आमच्या गावातल्या काहींना हे पटत नाही. फोनवरची विद्या फुकट असावी असे लोकांना का वाटते, कोण जाणे. एकलव्याचा अंगठा मागणे वाईट. पण म्हणून वस्तादांनी पुन्हा भावाच्या शेतावर जावे असे थोडेच आहे?

या वर्षी श्रावणात मी डोंबिवलीला होतो. अडीचला अक्काने स्टूल मांडले. सासूबाई त्या दिवशी जाग्या होत्या. त्यांची खाट फोनच्या चौकटीत अर्धी येत होती. वस्ताद मोजू लागले. हात वर करण्याची वेळ आली तेव्हा मागे खाटेवरून एक सुरकुतलेला, धड असलेला हात हळूहळू वर आला आणि छपराकडे थरथरत राहिला. अक्काला ते दिसले नाही; तिची पाठ होती. वस्ताद मोजता मोजता थांबले. “अक्काताई, हलू नका. मागं आजींचं चाललंय. आजी, कोपर तेवढं सरळ. हां. आता सावकाश खाली.”

त्या दिवसापासून त्यांच्या हजेरीत एक नाव वाढले आहे. वस्ताद मलाही विचारतात, “मास्तर, तुम्ही केव्हा येणार? तालीम तर तुमच्या परसदारी.” मी त्यांना सांगितले आहे, दिवाळी अंकाचा लेख एकदा हातावेगळा होऊ दे. बारा तास खुर्चीत बसून पाठीला बाक आला आहे.